चावडीवरचे प्रश्न : या वेळी माळावरची गावं

मागच्या अंकात आपण म्हणलं होतं की हजार-दीड हजार वस्तीच्या आतली जी गावं आहेत, त्यातल्या त्यात बालाघाटाच्या माळावरची, त्यांच्याबद्दल काय विचारायचं ते विचारा. पत्रं आली, मेसेज आले, व्हॉइस नोट आल्या, एका भावानं तर प्रश्न भारुडाच्या चालीत म्हणून पाठवलाय, तो इथं छापता येत नाही पण ऐकून मजा आली. नावं-गावं नेहमीप्रमाणे काढून टाकलीत. माझी सगळी नोकरी ग्रामपंचायतीच्या दप्तरात गेली त्यामुळं उत्तरात दप्तर जरा जास्त येणार, सांभाळून घ्या.

काका, आमचं गाव माळावर आहे, दोनशे घरं पण भरत नाहीत. गायरानावर सोलर प्रोजेक्टसाठी मोजणी झाली. सरपंच म्हणायलेत गावाला पैसे येणार, दिवसा लाइट येणार. शेळ्या-मेंढ्यावाले म्हणायलेत आम्ही जनावरं काय पत्र्यावर चारायची का. गावात सरळ दोन पार्ट्या पडल्यात, परवा लग्नात पंगतीला सुद्धा वेगवेगळे बसले. खरं कोणाचं?
— भूम तालुक्यातला एक पोरगा

दोघांचं खरं आहे बाळा, म्हणून तर भांडण मिटंना.

आधी सरपंचाची बाजू. ही जी योजना आहे ती बहुतेक मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी 2.0, 2023 साली आलेली. शेतीच्या फीडरला दिवसा वीज द्यायची, त्यासाठी उपकेंद्राच्या जवळपास सोलर उभं करायचं आणि जमीन लागती म्हणून सरकारी जमिनी, त्यात गायरानं आली, नाममात्र भाड्यानं द्यायच्या. बदल्यात ग्रामपंचायतीला वर्षाला 5 लाख असे 3 वर्षं, म्हणजे 15 लाख. ज्या पंचायतीची घरपट्टी-पाणीपट्टी मिळून वर्षाला लाखभर जमत नाही तिला 15 लाख म्हणजे लय झाले. आणि दिवसाची लाइट ही काय चैन नाही, पौष महिन्यात रात्री दोन वाजता बॅटरी घेऊन मोटर चालू करायला जो गेलाय, पायाखाली काय येतंय हे न बघता, त्याला विचारा.

आता दुसरी बाजू, ती कागदावर दिसतच नाही. सातबारा काढला की गायरानापुढं 'सरकार' एवढंच लिहिलेलं असतं, बघणाऱ्याला वाटतं जागा मोकळीच पडलीय. मोकळी कुठली! उस्मानाबादी शेळी आपल्याकडं गरिबाचं एटीएम आहे, दवाखाना आला की एक बोकड विकायचं, आणि ती शेळी शेतातलं खाऊन जगत नाही, ती माळावर जगती. शेण्या तिथंच गोळा होतात, काटक्या तिथल्याच, शेजारच्या गावाला जायची पायवाट तिथून, म्हसोबा तिथं, कुणाकुणाची स्मशानभूमी तिथं, पोरांची क्रिकेटची पीच पण तिथंच. एक मेगावॅटला साधारण 4 ते 5 एकर लागतात, म्हणजे 5 मेगावॅटचा प्रोजेक्ट म्हणलं की 20-25 एकराला तारेचं कंपाऊंड पडलं, आणि मधल्या वाटा बंद.

अजून एक गोष्ट आहे ती गावात कुणी मोठ्यानं बोलत नाही. मराठवाड्यात गायरानाचा एखादा तुकडा भूमिहीन घरं, जास्त करून दलित घरं, पिढीभर कसत आलीत. दादासाहेब गायकवाडांच्या भूमिहीनांच्या सत्याग्रहापासूनचा हा इतिहास आहे. 14 एप्रिल 1990 च्या आधीची अशी अतिक्रमणं नियमित करायचा शासन निर्णय 28 नोव्हेंबर 1991 चा आहे, आणि तो असून कित्येकांचा सातबारा अजून झालेला नाही. सोलरची मोजणी आली की पहिला दांडा यांच्या रानात पडतो, कारण त्यांच्याकडं कागद नसतो. तुमच्या दोन पार्ट्यांच्या भांडणात ही तिसरी माणसं बोलायलेत का ते बघ आधी.

मग करायचं काय. ग्रामसभा लावा. नुसती 15 ऑगस्टची झेंड्यानंतरची दहा मिनिटांची नाही, याच विषयाची. कोरम 15 टक्के मतदार किंवा 100 माणसं, यातलं जे कमी असंल ते, म्हणजे तुमच्या गावाला काय अवघड नाही. तहकूब झालेल्या सभेला कोरम लागत नाही हे पण लक्षात ठेवा, आणि बऱ्याच ठिकाणी महत्त्वाचे ठराव बरोबर तहकूब सभेतच कसे पास होतात याचा विचार करा. सभेत "सोलर पाहिजे का नको" असा प्रश्न ठेवू नका, त्यानं फक्त हात मोजले जातात. कोणत्या गटातला माळ द्यायचा, वाट कुठून सोडायची, पाण्यापर्यंत जनावरं कशी जाणार, कसणाऱ्यांचं काय, आलेले 5 लाख कशाला लावायचे, असं एक एक घ्या. नुसता खडक असलेला, गवत न येणारा तुकडा प्रत्येक गायरानात असतो, गुराखी डोळे झाकून दाखवतील.

आता खरं सांगतो, ग्रामसभेनं नाही म्हणलं म्हणून काम थांबेलच असं नाही. जमीन सरकारची आहे, निर्णय कलेक्टरचा. पण महसूल संहितेच्या कलम 22 प्रमाणं चराईसाठी राखलेली जमीन दुसऱ्या कामाला वापरायची तर कलेक्टरची मंजुरी लागतीच, त्या फायलीत तुमचा ठराव, नकाशा आणि जनावरांची गणती जोडलेली असली तर फाइल वेगळी वाचली जाती. नसली तर 'ग्रामस्थांची हरकत नाही'.

पंगतीचं काय मनावर घेऊ नको, पुढच्या लग्नात वाढपी कमी पडले की सगळे एकाच पंगतीत येतात.

आमच्या सातबाऱ्यावर गावाचं नाव भलतंच आहे. तिथं तर एक घर नाही, नुसती बाभळ आणि पडकी विहीर. तलाठ्याची चूक आहे का?
— कळंब तालुका

चूक नाही दादा, ते बेचिराख गाव आहे. पूर्वी तिथं वस्ती होती, पाणी आटलं म्हणा, दुष्काळ, प्लेग, पेंढारी, काहीतरी झालं आणि लोक उठून शेजारच्या गावात आले, पण महसुली गाव म्हणून शिव आणि नाव तसंच राहिलं. मराठवाड्यात अशी गावं ढिगानं आहेत. फक्त पीक विमा आणि ई-पीक पाहणी भरताना राहतं गाव न टाकता सातबाऱ्यावरचं गाव टाका, नाहीतर अर्ज बाद आणि मग चकरा.

आजीचं माळवदाचं घर आहे, सहा खणाचं. भाऊ म्हणतो पाडू, घरकुल आलंय, स्लॅब टाकू. आई म्हणती उन्हाळ्यात स्लॅबमध्ये भाजून निघशील. मला तर किल्लारीची भीती वाटते, माझा जन्म त्यानंतरचा असला तरी घरात सगळ्यांच्या तोंडी तेच. काय करावं?
— औसा तालुक्यातली एक ताई

ताई, भीती वाटणं बरोबरच आहे. 30 सप्टेंबर 1993, पहाटे 3 वाजून 56 मिनिटं, आदल्या रात्री गणपती विसर्जन करून लोक दमून झोपलेले. भूकंप सुमारे 6.2 रिश्टरचा, म्हणजे जगाच्या हिशोबानं फार मोठा नाही, पण माणसं गेली 8 ते 10 हजाराच्या घरात. एवढी का गेली याचं उत्तर तुमच्या आजीच्या घरातच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माळवदाच्या भिंती बघा, दीड-दोन हात जाड. बाहेरून एक दगडाची रांग, आतून एक, आणि मधी माती न् चिपा भरलेल्या. लांबून किल्ला वाटतो पण दोन्ही रांगांना एकमेकीला धरून ठेवणारा आरपार दगड बऱ्याच घरात नसतोच. हादरा बसला की बाहेरची रांग बाहेर फुगती, आतली आत पडती. वरचं तर अजून अवघड. लाकडी तुळया, त्यावर फळ्या-फांद्या, पाला आणि वर पांढरी माती. दरवर्षी मृगाच्या आधी गळती बंद करायला पांढरीवरून माती आणून वर टाकायची, ही आपली रीत. जुनी कोण काढतंय? आज्यानं टाकली, त्यावर बापानं, त्यावर चुलत्यानं. दोन पिढ्यात तो थर हातभराच्या वर जातो, आणि ओली झाली की त्याचं वजन विचारू नका. झोपलेल्या माणसावर ते सगळं आलं.

तरी माळवद म्हणजे मृत्यूचा सापळा असं मी म्हणणार नाही. ज्या घरात खांब-तुळयांचा सांगाडा धड होता तिथं कित्येकदा भिंती ढासळल्या पण वरचं धाबं खांबावर उभं राहिलं. लाकूड वाळवीनं खाल्लेलं होतं की नाही यावर खेळ होता.

म्हणून भावाशी भांडायच्या आधी हे करा. वर चढून एका कोपऱ्यात खोदून बघा मातीचा थर किती आहे, जास्तीची उतरवा, वीतभर ठेवा. खांबाच्या बुडाला आणि तुळईच्या टोकाला, जिथं ती भिंतीत शिरती, तिथं हातोडीनं ठोकून बघा, पोकळ वाजलं की ते लाकूड गेलं. खांब आणि तुळई यांच्या कोपऱ्यात तिरक्या लाकडी नाहीतर लोखंडी पट्ट्या मारता येतात, त्यानं सांगाडा डुलत नाही. भिंतीला दर तीन-चार फुटावर आरपार भोक पाडून, आत गज घालून काँक्रीट भरतात, म्हणजे दोन रांगा एकमेकीला बांधल्या जातात. किल्लारीनंतर दुरुस्तीच्या कामात हेच शिकवलं होतं आणि लातूर-धाराशिवमधी अजून असे मिस्त्री आहेत ज्यांनी ते हातानं केलंय. एखादा इंजिनिअर दाखवूनच करा, माझ्या भरवशावर नको. भिंतीला आडव्या मोठ्या चिरा असतील, पोट आलं असंल, तर मात्र मोह सोडा आणि पाडा.

घरकुलाच्या स्लॅबचं पण एक सांगतो. बिनापिलरचं, पट्ट्याशिवाय नुसत्या विटावर टाकलेलं स्लॅब माळवदापेक्षा सुरक्षित आहे असं कुणी म्हणलं तर विश्वास ठेवू नका. खिडकीच्या वरून सगळ्या भिंतींवर फिरणारा काँक्रीटचा पट्टा घालायला लावा. गवंडी म्हणंल "लागत नाही हो", त्याचं ऐकू नका. आणि उन्हाळ्याचं आईचं बरोबर आहे, स्लॅबवर चुना मारा, निदान झोपता येईल.

आमच्या माळावर नुसतं गवत आहे. पर्यावरण दिनाला गावच्या पोरांनी हजार झाडं लावायचं ठरवलंय. कोणती लावावीत?
— पाटोदा तालुका

पोरांचा उत्साह बघून पाणी ओतायची इच्छा नाही पण सगळ्या माळावर लावू नका. 2019 च्या पावसाळ्यात राज्यात 33 कोटी झाडं लावायचं टार्गेट होतं, तेव्हा कुठं कुठं खड्डे खांदले गेले ते आपण बघितलंय, मुरमात पहार जाईना तिथं ग्लिरिसिडिया उभी केली. बालाघाटाचा माळ हा मुळात गवताचाच मुलुख आहे. वीतभर माती, खाली मुरूम नाहीतर सरळ काळा खडक, पाऊस मोजका. तिथं जे उगवायचं ते उगवलेलंच आहे, पवन्या, मारवेल, कुसळी. पवन्या-मारवेल जनावरं आवडीनं खातात. कुसळी कोवळी असताना चालती, कुसळं धरली की मग धोतराला न् मेंढीच्या लोकरीला, म्हणून ती भादव्यात-आश्विनात कापून घ्यायची, पुढं थांबायचं नाही.

आणि माळावर फक्त गवत आहे असं वाटतंय ते दुपारी गेल्यामुळं. सकाळी सहाला जा. चंडोल, धाविक, पखुर्डी, तितर, पाऊल पडलं की पायाखालून उडतात. खोकड असतं, हरणं असतात, लांडगा पण याच माळावरचा. माळढोक तर नावातच माळ घेऊन फिरायचा, त्याच्यासाठी शेजारच्या सोलापुरात नान्नजला 1979 साली अभयारण्य केलं, आता तिथं पण तो दिसला तर बातमी होती. या सगळ्यांना मोकळा माळ लागतो, झाडी नको असती.

झाडं लावायचीच तर गावठाणात, शाळेभोवती, ओढ्याच्या काठानं आणि बांधावर लावा. लिंब, चिंच, बोर, हिवर, आपटा. हजार नको, पन्नास लावा आणि दुसऱ्या उन्हाळ्यात टँकर येत असताना त्याला पाणी कोण घालणार त्याचं नाव वहीत लिहा. माळासाठी काही करायचं मनात असंल तर निम्मा माळ एक पावसाळा चराईला बंद ठेवून बघा, गवत स्वतःच बी टाकतं. हे ठरवायला मात्र मेंढपाळांना बोलवा, त्यांना सोडून ठरवलं तर आठ दिवसात मोडणार.

मी जिल्हा परिषदेच्या वस्तीवरच्या शाळेत शिक्षिका आहे. पटावर 17 लेकरं. दसरा झाला की निम्मी आई-बापाबरोबर कारखान्यावर. वरून ऐकायला येतं की 20 च्या आतली शाळा दुसरीकडं जोडणार. गावाला कसं समजावू?
— शिरूर कासार तालुका

मॅडम, समूह शाळेचं, म्हणजे कमी पटाच्या शाळा एकत्र करायचं, ते पत्र सप्टेंबर 2023 चं, त्यावर लय गदारोळ झाला होता. तुमच्या हातात दोन गोष्टी आहेत. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणं पहिली ते पाचवीची शाळा 1 किलोमीटरच्या आत पाहिजे, सहावी ते आठवी 3 किलोमीटर. वस्तीपासून पुढच्या शाळेपर्यंतचं अंतर चालत मोजा, मोबाइलवर नको, मधी ओढा असंल तर पावसाळ्यात तो किती दिवस अडवतो ते पण लिहा, आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावात घाला. कागद आधी तयार ठेवा, नोटीस आल्यावर धावपळ नको.

दुसरं म्हणजे पट टिकवणं. ऊसतोडीला जाणारं जोडपं म्हणजे एक कोयता, मुकादमाची उचल घेतलेली असती, ते थांबू शकत नाहीत, त्यांना "लेकरांचं नुकसान करता" म्हणून बोलून काय फायदा. लेकरू मागं ठेवायचं तर आजी-आजोबा पाहिजेत आणि सकाळ-संध्याकाळचं जेवण पाहिजे. त्यासाठीच हंगामी वसतिगृह आहे. प्रस्ताव गावकऱ्यांनी आणि समितीनं हंगामाच्या आधीच द्यावा लागतो, पोळ्याच्या सुमाराला लागा कामाला. वसतिगृह नावाला असतं, लेकरं झोपायला आजीकडंच जातात, त्यात काही वाईट नाही. जी लेकरं जाणारच आहेत त्यांना शिक्षण हमी कार्ड देऊन पाठवा म्हणजे कारखान्याजवळच्या शाळेत बसता येतं, आणि परत आल्यावर तुम्ही "कुठं होतास इतके दिवस" म्हणून उभं करू नका. तुम्ही करत नसालच, पण काहीजण करतात.

आई-बापांनी जायच्या आधी ग्रामसेवकाकडून ऊसतोड कामगाराचं ओळखपत्र घेतलंय का तेवढं विचारा. गाडी भरायच्या रात्री नाही, आधी. त्या रात्री गावात कुणालाच कुणाचं ऐकू येत नाही, ट्रॅक्टरवर कोंबड्या, भांडी, कडबा, म्हातारीचं रडणं सगळं एकदम असतं.

पुण्यात राहणाऱ्या आम्हा पोरांचा गावाचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. वर्गणी काढून वेशीवर भव्य कमान बांधायची आहे. डिझाइन सुचवा.
— धारूर तालुक्यातले, सध्या पिंपरी

नाही सुचवत. कमानीतून आत गेल्यावर गावात काय दिसतंय ते आधी बघा. तेवढ्या पैशात शाळेची गळकी खोली होती, नाहीतर बंद पडलेलं आरओ चालू होतं. छत्रपती संभाजीनगरजवळच्या पाटोद्यानं, म्हणजे बीडमधला तालुका नव्हे, ग्रामपंचायत पाटोदा, कर भरणाऱ्याला दळण फुकट दिलं आणि लोक रांगेत कर भरायला लागले. तिथं बघायला अख्ख्या महाराष्ट्रातून माणसं येतात, कमान बघायला नाही. तुमच्यातल्या कितीजणांची गावातली घरपट्टी भरलेली आहे? तो स्क्रीनशॉट टाका ग्रुपवर, मग डिझाइनचं बघू.

आमच्या गावाचा इतिहास लिहायचा आहे. गाव इतकं छोटं की कुठल्याच पुस्तकात नाही. सुरुवात कुठून करू?
— अहमदपूर तालुक्यातले एक निवृत्त गुरुजी

गुरुजी, हे काम तुम्हीच करू शकता, लगेच सुरू करा.

पहिली अडचण पत्त्याची येती. तुमचा तालुका आज लातूरात, पण लातूर जिल्हा 1982 चा. त्याआधीचं उस्मानाबादच्या नावाखाली शोधायचं, आणि 1956 च्या आधीचं बीदरच्या, कारण अहमदपूर तालुका तेव्हा बीदर जिल्ह्यात होता. तसंच जालना 1981 चा, हिंगोली 1999 चा, त्याआधीचं औरंगाबाद-परभणीत. 17 सप्टेंबर 1948 च्या आधीचं तर निजामाच्या राज्यातलं. तिथं गाव दिवाणी होतं, म्हणजे थेट सरकारी महसुलातलं, जहागिरीचं होतं का सर्फेखासचं, म्हणजे निजामाच्या खाजगीतलं, हे आधी काढा, कारण जहागिरीच्या गावचे कागद जहागिरदाराकडं असायचे आणि 1949 ला जहागिरी गेल्यावर त्यातले किती सरकारजमा झाले देव जाणे. जुने कागद उर्दूत नाहीतर मोडीत. 2023 ला कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती शिंदे समिती आली तेव्हा तहसीलच्या रेकॉर्डरूममधली कपाटं कधी नव्हे ती उघडली गेली आणि मोडी-उर्दू वाचणाऱ्यांना एकदम भाव आला. तुमच्या तालुक्यात ते काम कुणी केलं ते विचारा, तो माणूस धरा. हैदराबादच्या अभिलेखागारात पण आपल्याकडचं बरंच पडून आहे.

जनगणनेच्या जिल्हा पुस्तिकेत प्रत्येक गावाची ओळ असती, लोकसंख्या, घरं, विहिरी, शाळा आहे का. सलग पाच-सहा जनगणना काढल्या की गाव कधी फुगलं, कधी रिकामं झालं कळतं, 1972 च्या दुष्काळाआधी न् नंतर नक्की बघा. शाळेचं जनरल रजिस्टर हे तर सोनं आहे, कुणाची पोरगी पहिल्यांदा शाळेत आली, कोणत्या वर्षी, किती दिवस टिकली, सगळं त्यात. देवळापुढचे वीरगळ, बारवेतला एखादा शिलालेख, फोटो काढून ठेवा, शेंदूर खरवडू नका. हेळवी, म्हणजे वंशावळ सांगत फिरणारे, अजून येत असतील तर त्यांना जेवू घाला आणि रेकॉर्डिंग लावा, त्यांच्याकडं घराण्यांच्या पिढ्या असतात.

आता एक तक्रार आधीच करून ठेवतो. आपल्याकडं गावाचा इतिहास म्हणून जे छापतात ते पाटलाच्या वाड्याचा इतिहास असतो, मधी सप्ताहाचे फोटो आणि शेवटी देणगीदारांची यादी. तसं करू नका. तांड्यावर जा, दलित वस्तीत जा, मेंढपाळाच्या वाड्यावर बसा. शिवारातल्या तुकड्यांची नावं त्यांना जास्त माहीत असतात, कोणत्या बरडाला काय म्हणतात, कोणती विहीर कुणी खांदली आणि पाणी कुणाला भरू देत नव्हते. हे शेवटचं लिहायला जड जाईल, पण लिहा. आणि बायकांना विचारा कोण कुठल्या गावाहून आली. तीन पिढ्यांच्या सुनांची माहेरं नकाशावर मांडली की तुमच्या गावाचा खरा संबंध कुठं कुठं होता ते दिसतं, कधी कधी तर सगळी सोयरीक कर्नाटकाच्या हद्दीत निघती.

लग्न होऊन भूमजवळ आले. इकडं घरोघरी खवा. आमच्याकडं तर दूध डेअरीला जातं. इथंच एवढा खवा का?
— मूळची परभणीकडची एक सूनबाई

माळामुळं. शेती हलकी, पिकाचा भरवसा नाही, म्हणून जनावरं जास्त, आणि गाव इतकं आडबाजूला की दूध बाजारात जाईपर्यंत नासायचं. मग आटवायचं. म्हशीचं 5 लिटर दूध आटलं की साधारण 1 किलो खवा, तो टिकतो, डोक्यावरून नेता येतो. कुंथलगिरीचा पेढा याच खव्याचा. त्या भट्टीपुढं तासन्‌तास उलथनं फिरवणारी बाई असती आणि हिशोब पुरुषाच्या नावावर असतो, एवढं ध्यानात ठेव, पुढं कामाला येईल.

नाशिकहून बदली होऊन निलंगा तालुक्यात बँकेत आलोय. सगळे म्हणतात वेळअमावस्येला आमच्या रानात या. पाच जणांनी बोलावलंय. कोणाकडे जाऊ? काय न्यायचं?
— एक साहेब

साहेब, पाचहीजणांकडं जायचं. ही आमची येळवस, मार्गशीर्षातली अमावस्या, त्या दिवशी लातूर शहरात चहा मिळायची मारामार असती कारण सगळे रानात. ज्वारीच्या पाच पेंढ्यांची कोप करतात, आत पाच पांडव मांडतात, पूजा होती, मग जेवण. भज्जी म्हणजे तुमची कांदाभजी नव्हे, हरभरा, वाटाणा, तूर, वालाच्या शेंगा, सगळं एकत्र शिजवलेली भाजी. बाजरीचे न् ज्वारीचे उंडे, गव्हाची खीर, आणि मडक्यातली आंबील. आंबील पहिल्याच रानात तीन पेले पिऊ नका, पुढं चार रानं आहेत. कोण कुठल्या जातीचा, ओळखीचा का अनोळखी, त्या दिवशी कुणी विचारत नाही, रस्त्यानं जाणारी गाडी थांबवून जेवायला बसवतात.

न्यायचं काही नाही. डबा तर अजिबात नको, घरच्या बाईला ते लागतं. बूट मात्र जाड घाला, तुरीची खुटं पायात घुसतात.

(पुढच्या अंकासाठी प्रश्न पाठवताना व्हॉइस नोट एक मिनिटाच्या आत ठेवा. भारूड म्हणणाऱ्या भावाला सूट आहे.)